पानांच्या नावे पडणारं पाणी

शिरूर आणि दौंड तालुक्यांत पाण्याचा हिशेब टीएमसीत सुरू होतो आणि चारीच्या तोंडाशी संपतो. नव्या मुठा उजव्या कालव्याचं आवर्तन यवत-पाटसला कधी पोचणार, चासकमानचं पाणी शिरूरच्या टेलला येणार की वरच मुरणार, चिंचणीच्या घोड धरणात साठा किती उरला, यावर पारावर वाद होतात, मोर्चे निघतात, बैठका बसतात. पाणी एकदा सरीत पडलं की सगळे गप्प. खरं तर मोठा खर्च तिथून पुढे सुरू होतो. मुळांनी ओढलेल्या पाण्यापैकी पंचाण्णव टक्क्यांहून अधिक पाणी पिकाच्या अंगी लागतच नाही, पानांवाटे वाफ होऊन निघून जातं. वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होणाऱ्या या अवर्षणप्रवण पट्ट्यात उसाचे फड आणि कांद्याचे वाफे शेजारी शेजारी उभे आहेत. इथे पर्णोत्सर्जनाचा विषय अकरावी-बारावीच्या वहीतून बाहेर काढून बांधावर आणायला हवा.

हे पाणी वाया जातं का? तसं म्हणणं सोपं आहे, पण चूक आहे. पानाच्या पृष्ठभागावरची पर्णरंध्रं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेण्यासाठी उघडतात, आणि ज्या दारातून हा वायू आत येतो त्याच दारातून आतली वाफ बाहेर पडते. दार बंद केलं तर पाणी वाचतं, पण साखरही बनत नाही. सगळी रंध्रं पूर्ण उघडी असली तरी त्यांनी व्यापलेली जागा पानाच्या एक-दोन टक्क्यांपलीकडे जात नाही. तरीही पान तेवढ्याच आकाराच्या उघड्या पाण्याच्या निम्म्याइतकीसुद्धा वाफ सोडू शकतं. बारीक छिद्रातून बाहेर पडणारी वाफ कडांकडून पसरते, म्हणून अनेक सुटी छिद्रं एका मोठ्या छिद्राला भारी पडतात, हे ब्राउन आणि एस्कोंब या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९०० साली दाखवून दिलं. पानावरच्या मेणचट थरातून निसटणारं पाणी एरवी पाच-दहा टक्क्यांच्या घरात असतं. रंध्राच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशींत पोटॅशियम शिरलं की त्यामागोमाग पाणी येतं, पेशी फुगतात आणि दार उघडतं. पोटॅशियम बाहेर गेलं की मिटतं. ताणाच्या काळात पिकावर पोटॅश फवारायची शिफारस आहे, तिचं मूळ या यंत्रणेत आहे.

किती वाफ जाणार हे ठरवणारा पहिला पक्ष म्हणजे हवा, आणि तिच्या बाबतीत आपल्याकडे गैरसमज फार. लोक तापमान बघतात. पानाला मात्र तापमान आणि दमटपणा एकत्र भोवतात. पानाच्या पोटातली हवा जवळजवळ पूर्ण दमट असते. बाहेरच्या हवेत त्या तापमानाला मावू शकेल इतक्या वाफेपेक्षा किती वाफ कमी आहे, ती तूट पानातलं पाणी ओढून घेते. ऑगस्टमधली ढगाळ सकाळ घ्या, २५ अंश तापमान, ८५ टक्के आर्द्रता. ही तूट अर्ध्या किलोपास्कलच्याही आत राहते. मेमधली दुपार घ्या, ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता. तूट जाते जवळजवळ सहा किलोपास्कलवर. तापमान दुपटीलाही पोचलेलं नाही, पण हवेची ओढ बारापट झाली. पान बारापट पाणी सोडत नाही ते केवळ रंध्रं मिटवून घेतं म्हणून. त्या मिटण्याची किंमत पीक वाढ थांबवून मोजतं.

वाफ करायला ऊर्जा लागते, ती सूर्याकडून येते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४५ मेगाज्यूल ऊर्जा खर्च होते. शेतावर पडणाऱ्या उन्हातून परावर्तन आणि इतर वजावट झाली की किती मिलिमीटर पाणी उडू शकेल, याला एक मर्यादा पडते. सगळा परिसर हिरवागार असता तर ती मर्यादा पुष्कळदा खरी ठरली असती. पण शिरूरच्या पूर्व भागात काय दिसतं? चहूबाजूंनी उघडा, तापलेला माळ आणि मध्येच बोअरच्या पाण्यावर उभा दोन एकर ऊस. माळावरून येणारा कोरडा, गरम वारा आपल्याबरोबर जास्तीची उष्णता घेऊन फडात घुसतो आणि उन्हाच्या हिशेबात न बसणारं पाणी काढून नेतो. वाळत घातलेल्या कपड्यांना वारा लागावा तशी वाऱ्याकडच्या बांधावरची ओळ आधी सुकते. पानाभोवती स्थिर, दमट हवेचा एक पातळ थर असतो, वारा तो पुसून टाकतो. फडाच्या पोटात हा थर टिकतो, कडेला टिकत नाही. म्हणून पश्चिमेच्या बांधावर शेवरीची किंवा गजराज गवताची दाट ओळ लावणारा शेतकरी नुसता ऊस पडण्यापासून वाचवत नसतो. छोट्या, विखुरलेल्या फडांना कडा जास्त, म्हणून त्यांचा एकरी खर्चही सलग पट्ट्यापेक्षा जास्त. ही गोष्ट सिंचनाच्या कुठल्याच आराखड्यात धरलेली मी पाहिली नाही.

दुसरा पक्ष जमीन. हवा कितीही ओढो, मुळांना पाणी मिळत नसेल तर पान सावध होतं, आणि ते सुकण्याच्या आधीच होतं. कोरड्या पडू लागलेल्या मुळांत अॅब्सिसिक आम्ल तयार होतं, ते खोडातून वर चढतं आणि रंध्रांना मिटायला सांगतं. याचा सर्वांत सुंदर उपयोग शेतकरी शास्त्र न वाचताही करतात. एक आड एक सरी भिजवली की अर्धी मुळं ओल्यात, अर्धी कोरड्यात. ओली बाजू पाणी पुरवत राहते, कोरडी बाजू इशारा देत राहते आणि रंध्रं थोडी आखडती होतात. अडचणीच्या वर्षी कृषी विभाग हीच पद्धत सुचवतो. पाणी आणि हवा दोन्ही असलेल्या वाफशावर मुळं चांगलं काम करतात, चिखलात गुदमरतात. दौंडच्या कालव्याखालच्या काही जमिनी वर्षानुवर्षं अति पाणी पिऊन चोपण झाल्या आहेत. तिथे वरून ओल दिसते, हाताला लागते, आणि तरी दुपारी पीक मान टाकतं. मातीतल्या क्षारांनी पाणी धरून ठेवलेलं असतं, मूळ ते ओढू शकत नाही. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून आणि मुंढव्याच्या जॅकवेलमधून याच भागाकडे येतं, तेव्हा पाणी किती आलं यापेक्षा त्यात क्षार किती आले हा प्रश्न पानाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा ठरतो.

तिसरा पक्ष खुद्द पीक, आणि इथे जवळून पाहण्यासारखं बरंच आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात कोरडवाहू मालदांडीच्या रानात दुपारी बारा-एकच्या सुमाराला जा. पाणी कमी पडत असेल तर ज्वारीची पानं मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंनी आत वळून सुरळ्या झालेली दिसतात. पानाच्या वरच्या बाजूला मोठ्या पेशींचे पट्टे असतात. त्यांतलं पाणी कमी झालं की त्या आक्रसतात आणि पान मिटतं. उन्हासमोरचं क्षेत्र घटतं, रंध्रं आतल्या दमट पोकळीत झाकली जातात. संध्याकाळी तीच पानं पुन्हा सपाट. सकाळी आठलाही सुरळी सुटलेली नसेल तर मात्र काळजी करायची.

कांद्याची पात निराळी. पोकळ, उभी, त्यामुळे भर दुपारचं ऊन तिच्यावर तिरपं पडतं. बोटाने पुसलं की निळसर पांढरं मेण हाताला लागतं. हा मेणाचा थर तिची मुख्य राखण. फुलकिडे पात खरवडतात तेव्हा चंदेरी चट्टे दिसतात. तिथली राखण गेलेली असते, पाणी रंध्रांना न विचारताच निसटतं. केडगावच्या बाजारात येणाऱ्या कांद्याच्या आकारात पाण्याच्या पाळ्यांइतकाच फुलकिड्यांचाही हात असतो. माळाच्या बांधावरचं घायपात तर दिवसा रंध्रं मिटूनच बसतं, रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतं.

आणि ऊस. त्याला सर्रास पाणीपिऊ म्हणतात. पानापुरतं बोलायचं तर ही निंदा अन्यायाची आहे. ऊस, ज्वारी, बाजरी, मका ही पिकं कार्बन डायऑक्साइड पकडण्याची अधिक कार्यक्षम पद्धत वापरतात, त्यामुळे एक किलो कोरडा पाला-धाटा तयार करायला त्यांना गव्हापेक्षा, लसूणघासापेक्षा कमी पाणी लागतं. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या अॅक्रन इथे ब्रिग्ज आणि शँट्झ यांनी १९१० नंतरच्या दशकात शेकडो कुंड्या तोलून हे आकडे काढले. ज्वारी-बाजरीला किलोमागे तीनशे लिटरच्या आसपास, गव्हाला पाचशेच्या आसपास, लसूणघासाला आठशेच्या वर. मग ऊस पाणी का खातो? कारण तो उभा राहतो बारा ते अठरा महिने. कारण एक एकर जमिनीवर त्याची पाच-सहा एकर पानं पसरतात. आणि कारण आडसाली असो की खोडवा, त्याला एक संपूर्ण उन्हाळा काढावाच लागतो, जेव्हा हवेची ओढ वर्षातली सर्वांत जास्त असते. रब्बी ज्वारी थंडीत येते आणि हवा तापायच्या आत निघून जाते. तिची काटकसर अर्धी पानात आहे, अर्धी पंचांगात. या भागात लोक पीक बदलाविषयी बोलतात तेव्हा पिकाच्या नावावर अडतात, पिकाच्या महिन्यांकडे बघत नाहीत.

थंडीच्या पिकाची निवड इथे जुनीच आहे. शिरूर तालुक्यातच घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन करून ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आणली. त्या लोकांनी पाण्यासाठी पाट खणला होता, आणि त्यांचं मुख्य धान्य होतं जव, थंडीचं पीक. हवामान कोरडं होत गेलं तशी ती वस्ती उतरणीला लागली असं उत्खननकर्त्यांचं मत होतं.

आता मोजणीकडे. या शास्त्राची सुरुवात वजनकाट्याने झाली. टेडिंग्टनचे पाद्री स्टीफन हेल्स यांनी १७२४ च्या उन्हाळ्यात साडेतीन फुटी सूर्यफूल कुंडीत लावलं, मातीतून वाफ जाऊ नये म्हणून तोंडावर शिशाचा पत्रा बसवला आणि पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ वजन केलं. दिवसाच्या बारा तासांत सरासरी सव्वा पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहून अधिक घट. भारतात हेच काम बिहारमधल्या पुसा इथे जे. वॉल्टर लेदर यांनी १९१० च्या सुमारास पिकांवर केलं. कुंडी तोलण्याची ही पद्धत आजही सर्वांत खरी, कारण तिच्यात काहीही गृहीत धरावं लागत नाही.

कॉलेजात शिकवली जाणारी साधनं बहुतेकांना आठवत असतील. कोबाल्ट क्लोराइडचा निळा कागद पानाला लावायचा आणि तो गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते बघायचं. पानाची खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा किती जास्त वाफ सोडते हे दाखवायला तो छान, आकडा काढायला निरुपयोगी, कारण कागदाने झाकलेलं पान आपल्या नेहमीच्या हवेत राहिलेलं नसतं. गॅनॉंगच्या पोटोमीटरमध्ये बुडबुडा सरकताना बघून पर्णोत्सर्जन मोजलं असं आपण लिहून देतो. तो मोजतो फांदीने ओढलेलं पाणी, सोडलेलं नव्हे. भर दुपारी या दोन्हींत फरक पडतो, आणि तोच फरक म्हणजे कोमेजणं. तोडलेलं पान काट्यावर झटपट तोलण्याची पद्धतही आहे, पण तोडल्यावर पहिल्या काही मिनिटांत रंध्रांची उघडझाप बिघडते, म्हणून हात चपळ हवा.

आज प्रयोगशाळा पोरोमीटर वापरतात. चिमट्यासारखं उपकरण पानाला लावलं की त्या ठिकाणची रंध्रं वाफेला किती वाट देतात ते काही सेकंदांत कळतं. कार्बन डायऑक्साइड आणि वाफ एकाच वेळी मोजणारी यंत्रंही आहेत, त्यांवरून पाण्याच्या प्रत्येक थेंबामागे पानाने किती कमावलं ते काढता येतं. बारामतीजवळ माळेगाव खुर्द इथे २००९ साली उभी राहिलेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था दौंडच्या शेजारीच आहे आणि तिचा विषयच मुळी दुष्काळ, उष्णता, क्षार हा. या उपकरणांची मर्यादा एकच, ती एका पानाचा चार-सहा चौरस सेंटिमीटर तुकडा बघतात. उसाचं वरून तिसरं पान आणि सावलीतलं नववं पान यांचे आकडे इतके वेगळे येतात की त्यांवरून एकराचा हिशेब करणं धाडसाचं. झाडांसाठी खोडात सुया खुपसून वर चढणाऱ्या रसाचा वेग उष्णतेने मोजतात. फ्रान्सचे ग्रानिए यांनी १९८५ साली ही पद्धत सोपी केली. डाळिंब, चिकूच्या बागांना ती उपयोगी, कारण तिथे झाड मोजता येतं.

शेताच्या पातळीवर विश्वासाचं साधन म्हणजे लायसिमीटर. जमिनीत पुरलेली मोठी टाकी, आत तीच माती, तेच पीक, खाली वजनकाटा. म्हणजे हेल्सची कुंडीच, फक्त शेतात पुरलेली. पुण्यात हवामान खात्याचा कृषी हवामानशास्त्र विभाग १९३२ साली एल. ए. रामदास यांच्याकडून सुरू झाला आणि पिकाजवळच्या हवेचा अभ्यास तिथे रुजला. स्वच्छ, निवांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला चिकटून नसते, थोडी वर असते, हे रामदासांनी दाखवलं. त्याचा आपल्या विषयाशी संबंध आहे. सव्वा मीटर उंचीवरच्या पांढऱ्या पेटीत नोंदलेलं हवामान हे पानाचं हवामान नसतं.

तरी शेतकऱ्याला रोज लागणारा आकडा काढायचा तर दोनच वाटा उरतात. पहिली, बाष्पीभवन पात्र. १२० सेंटिमीटर व्यासाची, वीतभर खोल पत्र्याची थाळी, रोज सकाळी तिच्यातलं पाणी किती घटलं ते पाहायचं, त्याला साधारण ०.७ ने गुणायचं. दुसरी, ऊन, तापमान, आर्द्रता आणि वारा यांवरून सूत्राने आकडा काढायचा. पेनमन यांनी १९४८ साली ते मांडलं, मॉन्टिथ यांनी १९६५ साली त्यात रंध्रांचा अडथळा धरला, आणि १९९८ साली जागतिक अन्न व कृषी संघटनेने ते प्रमाण म्हणून स्वीकारलं. दोन्हींतून निघतं ते आखूड गवताचं बाष्पपर्णोत्सर्जन, म्हणजे मातीतून आणि पानांतून मिळून उडणारं पाणी. त्याला पिकाच्या गुणांकाने गुणायचं. भर वाढीतल्या उसाचा गुणांक १.२५, कांद्याचा १.०५.

हिशेब करून बघू. मे महिना, पात्रातून दिवसाला १० मिलिमीटर पाणी उडालं. दहा गुणिले ०.७ म्हणजे ७. गुणिले १.२५ म्हणजे पावणेनऊ मिलिमीटर. एका एकरावर एक मिलिमीटर म्हणजे ४,०४७ लिटर, म्हणून गेल्या जुलैत लावलेला एकरभर आडसाली ऊस त्या दिवशी सुमारे ३५,४०० लिटर पाणी मागतो. बारा हजार लिटरचे तीन टँकर. डिसेंबरात पात्रातून ४ मिलिमीटर गेलं तर तोच ऊस १४,२०० लिटरवर भागवतो. आता पाच फुटी सरीत ४० सेंटिमीटरवर ताशी चार लिटरचे ड्रीपर असतील तर एकरात ताशी सुमारे २६,५०० लिटर पाणी पडतं. दहा टक्के गळती-घट धरली तर मेमध्ये दीड तास, डिसेंबरात पस्तीस मिनिटं. ठिबक बसवलेल्या कितीतरी शेतांत वर्षभर एकच वेळ चालते, जेवढी लाईट तेवढा वेळ.

त्या लाईटचाही यात भाग आहे. पाळीने रात्रीचा थ्रीफेज पुरवठा मिळतो. रात्री हवा शांत, रंध्रं बरीचशी मिटलेली, सरीतून उडणारं पाणी कमी, म्हणजे पिकाच्या बाजूने रात्रीचं भिजवणं चांगलंच. पण शिरूरच्या उसात बिबटे आहेत, माणसं गेली आहेत, आणि बॅटरी घेऊन दारं धरायला जाणाऱ्याला बाष्पीभवनाचे फायदे कोण सांगणार.

ठिबकने पाणी वाचतं म्हणताना नेमकं काय वाचतं तेही सांगायला हवं. सरीतून उघड्यावर उडणारं आणि मुळांखाली झिरपणारं पाणी वाचतं. उसाच्या पाचटाचं आच्छादनही मातीतूनच होणारं बाष्पीभवन अडवतं. पान जे सोडतं ते यांपैकी कशानेही घटत नाही, उलट ताण न बसलेलं पीक जास्तच सोडतं, आणि म्हणूनच उत्पादन वाढतं. नेदरलँड्सच्या डे विट यांनी १९५८ साली जगभरचे कुंडी-प्रयोग एकत्र करून दाखवलं की कोरड्या प्रदेशात उत्पादन आणि पर्णोत्सर्जन हातात हात घालून चालतात. त्यामुळे ठिबकने वाचलेल्या पाण्यावर शेजारचं आणखी एक एकर उसाखाली आणलं की तालुक्याचा एकूण खर्च घटत नाही, वाढतो. पूर्वी झिरपून खालच्या विहिरीला लागणारं पाणीही आता हवेत जातं. केओलिन या पांढऱ्या मातीची सहा ते आठ टक्के फवारणी पान उजळ करून त्याचं तापणं घटवते. दुष्काळात बाग जगवायला ती जरूर करावी. तिने पाणी वाचून उत्पादन तेवढंच राहील असं कुणी विकत असेल तर पावती मागावी. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढून आता दहा लाखांत ४२० भागांच्या पुढे गेला आहे, त्याने रंध्रं थोडी आखडतात हे खरं. पण त्याबरोबर हवा तापते आणि तिची तूट वाढते, तेव्हा त्या सवलतीवर फार विसंबू नये.

मोजणीचं सर्वांत नवं साधन आकाशात आहे. वाफ सोडणारं पान थंड राहतं, रंध्रं मिटली की तापतं. अॅरिझोनात जॅक्सन, इड्सो आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली या फरकावरून पिकाचा ताण मोजायची पद्धत बसवली, आणि आज उपग्रह तेच तापमान वरून टिपतात. लँडसॅट ८ चा उष्णतेचा एक ठिपका साधारण शंभर मीटर बाजूचा, म्हणजे अडीच एकराचा. दौंडच्या कालव्याखालच्या सलग पट्ट्यात तो चालतो. शिरूरच्या अर्ध्या एकराच्या तुकड्यांत एकाच ठिपक्यात ऊस, कांदा, पडीक आणि गोठ्याचा पत्रा सगळं येतं.

खालच्या बाजूला मात्र एक साधन तयारच आहे. महावेध प्रकल्पाखाली राज्यात महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं बसली आहेत. तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस यांच्या नोंदी तिथे दिवसरात्र होतात. पेनमनच्या सूत्राला उन्हाचा अंदाज तेवढा जोडायचा, मग न्हावऱ्याच्या किंवा राहूच्या मंडळात आज एकरी उसाने किती लिटर पाणी मागितलं हा आकडा रोज संध्याकाळी मोबाइलवर जाऊ शकतो. आज त्या नोंदींची आठवण सगळ्यांना होते ती पीक विम्याची भरपाई ठरवताना, म्हणजे पीक गेल्यावर.